पाठीवरचं बिऱ्हाड

फिनिक्सच्या अमेरिका वेस्ट अरीनात वरच्या गॅलरीतल्या हजारो खुर्च्या अशा होत्या, की तिथे बसलेल्या माणसाला एका बाजूचा गोल दिसतच नसे. तिकीट काढून, संघाची जर्सी अंगावर चढवून तो आत यायचा. त्याच्या पायाखालच्या टोकाला गोलरक्षकासमोर झुंबड उडाली, की काय झालं ते समोरच्या बाजूच्या आरडाओरड्यावरून ओळखायचं.

हे स्टेडियम १९९२ मध्ये बांधलं गेलं ते फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघासाठी. बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. बर्फावरच्या हॉकीचं २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे क्षेत्रफळात साडेतीन पटींहून मोठं. सन्सच्या प्रेक्षकाला खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसावा म्हणून गॅलऱ्या अगदी जवळ आणि उभ्या चढाच्या रचल्या होत्या. १९९६ मध्ये त्या जागेत बर्फ बसवायचा ठरला, तेव्हा एका टोकाच्या खालच्या खुर्च्या काढाव्या लागल्या आणि वरची गॅलरी थेट बर्फावर लोंबू लागली. पाहुणा यायचा म्हणून पलंग आणावा आणि खोलीचं दार लागू नये, तसा प्रकार.

तो पाहुणा म्हणजे विनिपेग जेट्स. नव्या गावात त्याचं नाव पडलं फिनिक्स कायोटीज. कायोटी हा त्या वाळवंटात रात्री ओरडणारा, कोल्ह्याच्या जातकुळीचा प्राणी. पुढची २८ वर्षं हा संघ घर शोधत राहिला. मराठीत विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. या संघाला ती म्हण अक्षरशः लागू पडली.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, ध्यानचंदांची. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फच समजायचा. गोठलेल्या तळ्यांवर मुलं चालायला शिकल्यावर लगेच स्केटवर उभी राहतात. मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग, गवताळ पठारावरचं शहर, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत जातो. या गावाला १९७२ मध्ये संघ मिळाला तो वर्ल्ड हॉकी असोसिएशन या बंडखोर लीगचा. त्याच वर्षी २७ जूनला पोर्टेज आणि मेन या गावातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात मंच घालून शिकागोच्या बॉबी हलला दहा लाख डॉलरचा चेक दिला गेला. एवढा मोठा खेळाडू एवढ्या थंड, एवढ्या लांबच्या गावात खेळायला येतो, यावर चौकात जमलेल्या लोकांचा विश्वास बसत नव्हता. जेट्सने ती लीग तीनदा जिंकली. १९७९ मध्ये लीग बंद पडली तेव्हा एडमंटन, क्वेबेक आणि हार्टफर्डबरोबर विनिपेगही नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, आलं.

संघ राहायचा विनिपेग अरीनात. १९५५ ची इमारत. एका टोकाला राणी एलिझाबेथचं भलंमोठं चित्र टांगलेलं असायचं आणि खेळाडू तिच्या नजरेखाली सराव करायचे. १९८७ च्या प्लेऑफमध्ये कॅल्गरीचे प्रेक्षक लाल कपड्यांत आले म्हणून विनिपेगचे सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, आणि ती रीतच पडली. १९९२-९३ च्या मोसमात टेमू सेलाने या फिनलंडच्या पोराने पहिल्याच वर्षी ७६ गोल केले. पहिल्या मोसमातल्या खेळाडूचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

पण इमारत जुनी झाली होती. कंपन्यांना लाखो डॉलरला वर्षभर भाड्याने देता येतील अशा आलिशान खोल्या तिथे नव्हत्या, आणि नव्वदच्या दशकात एनएचएलची कमाई त्या खोल्यांवर उभी राहू लागली होती. त्यात दुसरं दुखणं चलनाचं. तिकिटाचे पैसे कॅनडाच्या डॉलरमध्ये यायचे आणि खेळाडूंचे पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये द्यावे लागायचे. कॅनडाचा डॉलर तेव्हा अमेरिकी सत्तर सेंटच्या आसपास घसरला होता. संघ जिंको वा हरो, दर महिन्याला पगारपत्रकावर खड्डा पडायचा. क्वेबेकचा संघ याच कचाट्यात सापडून १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला.

विनिपेगने मात्र सहजासहजी हात वर केले नाहीत. मे १९९५ मध्ये संघाचा निरोप समारंभ झाला, लोक रडले, आणि त्यानंतर गाव पुन्हा उठलं. नद्यांच्या संगमावरच्या द फोर्क्स या जागी सुमारे ३५ हजार लोक जमले. गावाची वस्ती तेव्हा साडेसहा लाखांच्या आतबाहेर. शाळकरी मुलांनी गल्ले फोडून नाणी आणून दिली. या लढ्यात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. गल्ल्यातली नाणी देणाऱ्या मुलाला वाटत होतं संघ आपला आहे. मुंबईचा रणजी संघ उद्या कुणी विकत घेऊन दुसऱ्या राज्यात नेला असं होत नाही, कारण तो संघटनेचा असतो. एनएचएलचा संघ मालकाचा असतो. मालक, लीग आणि नव्या गावचं स्टेडियम यांचं जमलं की कागदावर सही होते.

नव्या स्टेडियमच्या पैशांचा मेळ बसला नाही. संघ स्टीव्हन ग्लकस्टर्न आणि रिचर्ड बर्क यांना विकला गेला. त्यांना तो मिनेसोटात न्यायचा होता, पण तिथे स्टेडियमचं जमलं नाही, म्हणून फिनिक्स. २८ एप्रिल १९९६ ला विनिपेगमधला शेवटचा सामना झाला. प्रेक्षक पांढऱ्या कपड्यांतच आले होते. डेट्रॉईटने ४-१ ने हरवलं.

त्या संघात शेन डोन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. अल्बर्टातल्या गुरांच्या मुलखातला. १९९५ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत जेट्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं होतं. विनिपेगमध्ये एक मोसम खेळून तो संघाबरोबर वाळवंटात गेला. त्याचं नाव वाचकाने लक्षात ठेवावं.

बर्फ वाळवंटात टिकतो का, हा प्रश्न लोक आधी विचारतात. टिकतो. काँक्रीटच्या लादीत नळ्या बसवलेल्या असतात, त्यांतून गोठणबिंदूखाली थंड केलेलं क्षारयुक्त पाणी फिरत राहतं. लादी गार झाली की तिच्यावर पाण्याचा अगदी पातळ फवारा मारतात, तो गोठला की दुसरा. मध्येच पांढरा रंग देतात, त्यावर रेघा काढतात आणि पुन्हा फवारे. असे थर चढवत चढवत इंचभर, फार तर सव्वा इंच जाडीचा बर्फ तयार होतो. बाहेर ४३ अंशांचा उन्हाळा असला तरी आत हे काम होतं. फक्त वीज जास्त लागते आणि हवेतला दमटपणा बाहेर ठेवावा लागतो. फिनिक्सची हवा तर कोरडीच. बर्फाने त्या शहरात कधी दगा दिला नाही.

माणसंही आली. सुरुवातीच्या वर्षांत फिनिक्सकरांनी विनिपेगची पांढऱ्या कपड्यांची रीत जशीच्या तशी उचलली. गोल न दिसणाऱ्या खुर्च्यांनी मात्र हिशेब बिघडवला. त्या स्वस्तात विकाव्या लागत, शिवाय भाडेकरूला घरमालकाच्या कमाईत फारसा वाटा नसे. नवं घर हवंच होतं.

ते कुठे बांधायचं, हा निर्णय माझ्या मते संघाच्या मुळावर आला. फिनिक्सच्या पूर्वेला स्कॉट्सडेल हे सुखवस्तू उपनगर. हॉकीचे मोसमी पास घेणारे बरेचसे लोक त्या अंगाला राहणारे. तिथे पाडलेल्या लॉस आर्कोस मॉलच्या जागेवर स्टेडियम बांधायची योजना जमीनविकासक स्टीव्ह एलमन यांनी मांडली. २००१ मध्ये त्यांनी संघच विकत घेतला आणि भागीदार म्हणून बरोबर आला हॉकीतला सर्वात मोठा माणूस, वेन ग्रेट्झ्की. पण स्कॉट्सडेलच्या नगरपालिकेशी व्यवहार फिसकटला आणि एलमन पश्चिमेच्या टोकाला, ग्लेन्डेलला गेले. ग्लेन्डेलने कर्ज काढून सुमारे १८ कोटी डॉलर घातले. शेताडीच्या कडेला उत्तम स्टेडियम उभं राहिलं. २७ डिसेंबर २००३ ला तिथे पहिला सामना झाला. प्रत्येक खुर्चीवरून दोन्ही गोल दिसत होते.

स्कॉट्सडेलच्या पासधारकाचं काय झालं ते बघा. बुधवारी संध्याकाळी सात वाजताचा सामना. पाचला ऑफिस सुटतं. महामार्गावर सगळं महानगर घरी निघालेलं. त्या गर्दीतून पूर्वेकडून पश्चिमेला गाडी हाकायची, मुलांना मागच्या सीटवर बसवून, आणि रात्री दहाला तेवढंच अंतर परत. वर्षात ४१ घरचे सामने. पहिल्या मोसमात माणूस उत्साहाने जातो, तिसऱ्या मोसमात पास विकून टाकतो. स्टेडियमची जागा जमिनीच्या व्यवहारावरून ठरली, प्रेक्षक कुठे राहतो हे शेवटी पाहिलं गेलं. स्टेडियमभोवती दुकानं, हॉटेलं, घरं उभी राहतील आणि त्यांच्या करातून ग्लेन्डेलचं कर्ज फिटेल असं गणित होतं. २००८ च्या मंदीने ते मोडलं, आणि अॅरिझोनात घरांच्या किमती तेव्हा देशात सगळ्यात जोरात कोसळणाऱ्यांपैकी होत्या.

मालकी तोवर ट्रकवाहतुकीच्या धंद्यातले जेरी मोयेस यांच्याकडे आली होती आणि ग्रेट्झ्की प्रशिक्षक झाला होता. ५ मे २००९ ला मोयेस यांनी संघाला दिवाळखोरी न्यायालयात नेलं. बरोबर एक खरेदीदारही आणला, ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे जिम बॅल्सिली. त्यांनी २१ कोटी २५ लाख डॉलर देऊ केले, अट एकच, संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायचा. लीगला हे परवडणारं नव्हतं. कोण कुठे खेळणार हे दिवाळखोरीच्या न्यायाधीशाने ठरवायला लागलं, तर लीगच्या हातात उरतं काय? न्यायाधीश रेडफील्ड बॉम यांनी बॅल्सिलींची बोली फेटाळली आणि अखेर नोव्हेंबरमध्ये १४ कोटी डॉलरला संघ लीगनेच घेतला. ग्रेट्झ्की त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, प्रशिक्षकपद सोडून निघून गेला. त्याचे पैसे थकले होते.

आता लीग मालक, आणि गिऱ्हाईक मिळेना. संघ जाऊ नये म्हणून ग्लेन्डेलने दोन मोसम लीगला दर वर्षी अडीच कोटी डॉलर दिले. सुमारे सव्वादोन लाख वस्तीचं हे उपनगर. २०१२ मध्ये त्याने विक्रीकर वाढवला. दुकानात दुधाची बाटली घेणाऱ्या, हॉकीचा एकही सामना न पाहिलेल्या बाईच्या पिशवीतूनही या स्टेडियमचा भार उचलला जात होता. गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या संस्थेने सार्वजनिक पैशाच्या या वापराला कायद्याने आव्हान देण्याचा इशारा दिला आणि शिकागोच्या मॅथ्यू हुल्झायझर यांचा खरेदीव्यवहार त्यातच मोडला. संघाच्या चाहत्यांनी त्या संस्थेला खूप शिव्याशाप दिले. मला मात्र तिचा प्रश्न रास्त वाटतो.

याच काळात विनिपेगमध्ये लोक श्वास रोखून बसले होते. तिथे २००४ मध्ये गावाच्या मध्यात नवं, सुमारे १५ हजार खुर्च्यांचं स्टेडियम झालं होतं आणि मार्क चिपमन आणि डेव्हिड थॉमसन यांची ट्रू नॉर्थ ही संस्था पैसे घेऊन उभी होती. जुना संघ परत येणार अशी आशा होती. मे २०११ मध्ये ग्लेन्डेलच्या नगरसेवकांनी आणखी अडीच कोटी मंजूर केले आणि कायोटीज जागेवर राहिले. महिना संपायच्या आत विनिपेगने अटलांटाचा संघ घेतला आणि पुढे त्याला जेट्स हेच नाव दिलं. १३ हजार मोसमी पासांपैकी खुल्या विक्रीला ठेवलेले १७ मिनिटांत संपले. १६ वर्षांपूर्वी गल्ले फोडणारी मुलं आता कमावती झाली होती. दुसऱ्या गावचा संघ हिरावून आपलं दुःख मिटवावं लागलं, याची खंत तिथल्या अनेकांना होती. अटलांटाची मुलंही रडलीच असणार.

वाळवंटात २०१२ चा वसंत सुखाचा गेला. लीगशिवाय मालक नसलेला संघ, शेन डोन कर्णधार, आणि कायोटीज विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले. लॉस एंजेलिसने तिथे अडवलं. २८ वर्षांतली ती सर्वांत मोठी मजल.

२ जुलै २०१३ च्या रात्री ग्लेन्डेलच्या सभागृहात ४ विरुद्ध ३ मतांनी नवा करार झाला. अखेर मिळालेल्या नव्या मालकांना स्टेडियम चालवण्याबद्दल दर वर्षी दीड कोटी डॉलर, १५ वर्षं. एका मताने संघ राहिला. दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, त्याच सभागृहाने ५ विरुद्ध २ मतांनी तो करार मोडला. कारण दिलं हितसंबंधांच्या कायद्याचं: शहराचा वकील पुढे संघाच्या नोकरीत गेला होता. तडजोड होऊन १५ वर्षांचा करार दोन वर्षांवर आला आणि रक्कम निम्म्याहून कमी झाली. दर मोसमाला मुदतवाढ मागणाऱ्या भाडेकरूच्या घरात कोण आपलं सामान नीट लावतं? चांगला खेळाडू लांबचा करार करताना कचरतो, पासधारक पुढच्या वर्षाचे पैसे भरताना थांबतो.

आणि तरीही त्या बर्फाने मुलं घडवली. ऑस्टन मॅथ्यूज लहानपणी स्कॉट्सडेलमध्ये वाढला. आई मेक्सिकोची, घरात हॉकीचा गंध नाही. गोल लपवणाऱ्या त्या जुन्या स्टेडियममध्ये कायोटीजचे सामने पाहून त्याला या खेळाचं वेड लागलं. २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं, पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले आणि २०२३-२४ च्या मोसमात ६९. वाळवंटात हॉकी रुजत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे एक नाव सांगेन.

२०१९ मध्ये संघ अॅलेक्स मेरुएलो यांच्याकडे गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेन्डेलने सांगून टाकलं, पुढच्या मोसमानंतर जागा खाली करा. डिसेंबरमध्ये कराची थकबाकी भरली नाही तर दाराला कुलूप लावू, अशी नोटीसही दिली. पैसे भरले गेले, पण अब्रू गेली.

मग टेम्पी, फिनिक्सचंच आणखी एक उपनगर. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं नवं कोरं मलेट अरीना, जेमतेम पाच हजार खुर्च्यांचं, कॉलेजच्या मुलांसाठी बांधलेलं. एनएचएलचा संघ तिथे भाड्याने राहायला आला. खेळाडूंच्या खोल्यांची जोडइमारत तयार नव्हती, म्हणून पाहुण्या संघाला सुरुवातीला तात्पुरत्या आडोशात कपडे बदलावे लागले, आणि घरचे चार सामने झाल्यावर संघ सलग १४ सामन्यांच्या दौऱ्यावर गेला. २८ ऑक्टोबर २०२२ ला त्या छोट्या सभागृहात पहिला सामना झाला तो नेमका विनिपेग जेट्सशी. विनिपेगने जादा वेळेत ३-२ ने जिंकला.

शेवटची आशा टेम्पीतल्याच जुन्या कचराडेपोच्या ४६ एकरांवर होती. तिथे २.१ अब्ज डॉलरचा प्रकल्प, स्टेडियम, हॉटेलं आणि घरं. विमानतळाने विमानांच्या मार्गाखालच्या घरांना हरकत घेतली. १६ मे २०२३ च्या सार्वमतात मतदारांनी तिन्ही प्रस्ताव फेटाळले, शंभरातल्या सुमारे ५६ जणांनी नाही म्हटलं. त्यांना मी दोष देत नाही. ग्लेन्डेलची वीस वर्षं त्यांनी पाहिली होती.

एप्रिल २०२४ मध्ये संघ दौऱ्यावर असतानाच खेळाडूंना कळलं, की आपण युटाला जाणार. १७ एप्रिलला मलेटमध्ये शेवटचा सामना झाला. एडमंटनला ५-२ ने हरवलं. सामना संपला तरी लोक जागेवरून हलेनात, आणि खेळाडू काठ्या उंचावून बर्फावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी लीगने व्यवहाराला मान्यता दिली: सॉल्ट लेक सिटीचे रायन स्मिथ १.२ अब्ज डॉलर देणार, त्यातले एक अब्ज मेरुएलोंना. पाच वर्षांत स्टेडियम बांधलं तर कायोटीज पुन्हा उभे करायचा हक्क त्यांना मिळाला होता. जूनमध्ये राज्याने त्या स्टेडियमसाठी हव्या असलेल्या, उत्तर फिनिक्समधल्या जमिनीचा लिलाव रद्द केला आणि मेरुएलोंनी तो हक्क सोडून दिला. घर न बांधू शकलेल्या मालकाला एक अब्ज डॉलर, आणि मोसमामागून मोसम गाडी हाकत आलेल्या पासधारकाला एक रिकामी संध्याकाळ. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

सॉल्ट लेकचं डेल्टा सेंटरही १९९१ चं, बास्केटबॉलसाठी बांधलेलं. पहिल्या मोसमात पूर्ण बर्फ दिसणाऱ्या खुर्च्या अकरा हजारांच्या आसपासच निघाल्या. ती इमारत आणि भोवतीचा परिसर सुधारण्यासाठी शहराने विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवला. संघाचं नाव आता युटा मॅमथ आहे.

शेन डोन २१ मोसम खेळला, १,५४० सामने, सगळे याच एका संघासाठी. २०१७ मध्ये क्लबने त्याच्याशी नवा करार केला नाही आणि तो निवृत्त झाला. त्याचा मुलगा जॉश स्कॉट्सडेलमध्ये जन्मला. मलेट अरीनात आधी विद्यापीठाकडून खेळला आणि २६ मार्च २०२४ ला त्याच बर्फावर कायोटीजकडून पहिला सामना खेळताना त्याने दोन गोल केले. बावीस दिवसांनी त्याचा संघ त्या गावात उरला नाही. बाप एकोणिसाव्या वर्षी विनिपेगहून बिऱ्हाड उचलून आला होता, मुलाने बाविसाव्या वर्षी युटाला नेलं. जून २०२५ मध्ये युटाने जॉशला बफेलोला देऊन टाकलं.